‘नाही’ म्हटल्यानंतर



महाशिवरात्र जवळ आली की उज्जैनमध्ये दोन ठिकाणी रांग लागते, असं आमच्या दुकानाचे मालक म्हणतात. एक महाकालाच्या देवळात आणि दुसरी आमच्या दारात. मालकांना आम्ही सगळे भैया म्हणतो आणि भैयांना वाढवून सांगायची सवय आहे. आमच्याकडे बसायला खुर्च्या चारच. पण शिवनवरात्रीच्या नऊ दिवसांत, देवळात महाकालाचा रोज नवा शृंगार होत असतो तेव्हा, फ्रीगंजमधल्या आमच्या टॅटूच्या दुकानात चहा येतो, गार होतो आणि तसाच राहतो, एवढं मात्र खरं.

दुसरी गर्दी श्रावणात. तुमच्यापैकी जे मालव्यात वाढलेत त्यांना ही गंमत माहीत असेल. इथला श्रावण आपल्या मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. महाकालाची सवारी मात्र आपला श्रावण संपेपर्यंत, म्हणजे इथल्या हिशेबानं अर्धा भादवा सरेपर्यंत, दर सोमवारी निघते. शिंदेशाहीतून आलेली ही मराठी पंचांगाची खूण, असं जुनी माणसं सांगतात. आम्हाला त्याचा फायदा असा की आमच्या गिऱ्हाइकांचा श्रावण दीड महिन्याचा असतो. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ उघडल्यापासून बाहेरगावची माणसंही खूप येतात. सकाळी दर्शन, दुपारी टॅटू, रात्रीची गाडी. “दीदी, दो घंटे में हो जाएगा ना?” हे वाक्य मी दिवसातून किमान चारदा ऐकते.

मागच्या महिन्यात मी ‘दुखतं का?’ या प्रश्नावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच आयांनी संपादकांकडे विचारणा केली की, आमची मुलं मागे लागली आहेत, आम्ही काय करावं? त्याचं उत्तर म्हणून आज घरातलीच एक गोष्ट सांगते. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

त्याआधी दुकानाविषयी थोडं. गिऱ्हाइकाला वाटतं टॅटू म्हणजे सुई चालते तो तासभर. आमच्या लेखी ते शेवटचं काम. सकाळी अकराला शटर उघडलं की आधी जंतुनाशकानं खुर्ची, टेबल, दिव्याची दांडी, सगळं पुसायचं. मशीन, तिची वायर, पाण्याची फवारणीची बाटली, ज्या ज्या वस्तूला काम चालू असताना हात लागणार ती प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळायची आणि एका माणसानंतर तो कागद फेकायचा. शाई मोठ्या बाटलीतून थेट घ्यायची नाही. टोपणाएवढ्या कपात चार थेंब काढायचे आणि उरले तरी टाकून द्यायचे. सुईचं सीलबंद पाकीट गिऱ्हाइकाच्या समोर फोडायचं, वरची तारीख त्याला दाखवायची आणि काम झाल्यावर ती सुई जाड, पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. हे सगळं मी पहिल्या सहा महिन्यांत शिकले. त्या सहा महिन्यांत भैयांनी मला कुणाच्या कातडीला हात लावू दिला नव्हता.

मग येतं चित्र, आणि त्याहून अवघड म्हणजे अक्षरं. मी चित्रकलेची पदवी घेतली आहे, पण दुकानात माझा भाव आहे तो शुद्धलेखनामुळे. गिऱ्हाईक मोबाइलवर मजकूर आणतं, तो डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की कधी कधी जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षराच्या आधी जाऊन बसते. ‘शिव’चं ‘शवि’ होतं. इकार गेला की शिवाचा शव होतो, असं लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, ते मी रोज स्क्रीनवर पाहते. म्हणून कुठलंही अक्षर असो, मी ते आधी हातानं कागदावर लिहिते, गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावते आणि मगच स्टेन्सिल काढते. वहीतली चूक खोडता येते. इथली खोडायला लेझर लागतो, चार-सहा वेळा जावं लागतं, आणि करायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे घालवायला लागतात.

या कामात सगळ्यात आधी ‘नाही’ म्हणायला शिकावं लागतं. मी ते चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी एक मुलगा आला, देवासच्या बाजूचा, पिळदार अंगाचा. मानेवर, कानाच्या खाली त्रिशूळ हवा होता. मी छान काढून दिला. चार महिन्यांनी तो परत आला, विचारायला की हा निघतो का? सैन्यभरतीची तयारी करत होता आणि त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मानेवर चालत नाही. खरंच चालत नाही. हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, एवढ्याच जागी गोंदण चालतं. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट आहे, बाकीच्यांना नाही. हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं की बाबा, तू पुढे काय करणार आहेस? तो मुलगा ओरडला नाही, भांडला नाही. नुसता मानेवर हात ठेवून बाकावर बसून राहिला. ते बसणं मला अजून दिसतं.

तेव्हापासून सुईच्या आधी प्रश्न. वय किती? भरतीची तयारी चालू आहे का? साखरेचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी? काही प्यायला आहेस का? हे नाव ज्या व्यक्तीचं आहे तिला किती महिने ओळखतोस? आणि दुकानाचा पक्का नियम: अठरा पूर्ण नसतील तर नाही, आईबाप सोबत आले तरी नाही.

तर गेल्या श्रावणात माझा मामेभाऊ दुकानात आला. वय सतरा, बारावीत. सोबत दोन मित्र. “ताई, मनगटावर छोटासा त्रिशूळ. घड्याळाखाली लपेल, आईला कळणार पण नाही.” मी हातातलं काम न थांबवता म्हटलं, “अठरा पूर्ण कर, मग ये. आता पळ.” मित्र हसले, भैयाही हसले. तो लाल झाला आणि गेला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. घरच्या माणसालाही नियम लावला म्हणून.

नोव्हेंबरमध्ये, कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या एका रविवारी मी मामाकडे गेले होते. आज्जी तिथेच असते. हा मुलगा भर दुपारी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जेवायला बसला होता आणि डाव्या हाताला पाणी लागू देत नव्हता. मी काही न बोलता त्याला गच्चीवर नेलं आणि बाही वर केली. मनगट सुजलेलं, लाल, हाताला गरम लागत होतं. मधोमध एक त्रिशूळ, पण रेघा कातडीखाली पसरून शाई सांडल्यासारख्या झालेल्या. सुई जास्त खोल गेली की असं होतं.

क्षिप्रेकाठचा कार्तिक मेळा तुम्ही पाहिला असेल. पाळणे, मौत का कुआँ, भांडी, शालींची दुकानं, आणि कडेला बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन बसलेला गोदनावाला. शंभर रुपयांत त्रिशूळ. मी विचारलं, “सुई नवी होती?” तो म्हणाला, “बाटलीतल्या पाण्यात बुडवून फडक्यानं पुसत होता.” “तुझ्या आधी किती जण होते?” त्यानं मनात मोजलं. “सात असतील.”

आता ज्यांना हे ‘एवढं काय त्यात’ वाटत असेल त्यांच्यासाठी सांगते. टॅटूची सुई एका मिनिटात हजारो वेळा कातडीत आतबाहेर करते. रक्ताचा थेंब डोळ्यांना दिसला नाही तरी तो तिच्यावर असतो. हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, सात दिवस जिवंत राहू शकतो. पाण्यात बुडवून आणि फडक्यानं पुसून तो जात नाही. हेपेटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोकाही याच वाटेनं येतो. ‘बी’ची लस आहे, या दोघांची नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखमेसाठी औषध दिलं, रक्त तपासायला घेतलं आणि समजावून सांगितलं की आजचा रिपोर्ट फक्त आधीचं सांगेल. मेळ्यात काही शिरलं असेल तर ते रक्तात दिसायला वेळ लागतो. म्हणून सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मामीनं कपाटातून त्याचं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड शोधून काढलं. हेपेटायटिस बीची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली ती २०११ पर्यंत, हा त्याआधीचा. कार्डावर दोन डोसांच्या नोंदी होत्या, तिसरा रकाना कोरा. डॉक्टरांनी लगेच डोस दिला.

घरी आल्यावर मामी मला एवढंच म्हणाली, “तू नाही म्हणालीस ते बरंच केलंस. पण मला का नाही सांगितलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. आमच्या घरात माझ्या कामाविषयी बोलायचं नाही, असं न ठरवता ठरलेलं आहे. मामी चारचौघांत सांगते, “ती डिझायनिंगचं काम करते.” आईसुद्धा लग्नाच्या स्थळांना तेच सांगते. दुकानातली कुठलीही गोष्ट मी घरी नेत नाही, मग ही तरी कशी नेली असती? आणि पोरानं तर मला बजावलंच होतं, आईला कळू देऊ नकोस. मी त्याला नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. कारण सांगायला पाच मिनिटं लागली असती. आणि त्याचे मित्र हसले तेव्हा त्याला आतून काय वाटलं असेल, याचा मी विचारही केला नाही. सतरा वर्षांच्या पोराला ‘पळ’ म्हटलं की तो पळतो. कुठे पळतो ते आपण बघत नाही.

संक्रांतीला मामीकडे हळदीकुंकू असतं. दरवर्षी तिळाच्या वड्या थापायला मी जाते. या वर्षी मला निरोप आला नाही. त्या दिवशी दुकानात बसून मी खरंच विचार केला की हे काम सोडावं आणि कुठल्या तरी शाळेत चित्रकला शिकवावी.

त्यानंतरच्या रविवारी आज्जीनं बोलावलं म्हणून गेले. आज्जी ब्याऐंशीची आहे. माहेर खानदेशातलं, चाळीसगावजवळचं खेडं. तिच्या हनुवटीवर एक ठिपका आहे आणि उजव्या हातावर तुळशीवृंदावन. आता ते वृंदावन हिरवट-निळा डाग झालंय, आम्हाला लहानपणापासून माहीत आहे म्हणून ओळखू येतं. तिनं मला आणि त्या मुलाला दोन बाजूंना बसवलं, पदर सारला आणि हात पुढे केला.

“मी आठ वर्षांची होते,” ती म्हणाली. “गोंदणारी आली, आम्हा पोरींना ओळीनं बसवलं. सुयांची एकच जुडी. काजळी कालवलेली. टोचून झालं की वर हळद. माझ्या पुढच्या पोरीचा हात पंधरा दिवस सुजला होता, तापानं फणफणली होती. मला कुणी विचारलं नाही, गोंदायचंय का म्हणून. आमच्या वेळी नको म्हणायची सोय नव्हती. मेल्यावर हाच एक दागिना बरोबर येतो म्हणायचे, म्हणून गोंदायचं.” मग त्याच्याकडे वळून, “तुला हवं होतं, तर हिच्यापाशी बसून भांडायचं. मेळ्यात कशाला गेलास?” आणि माझ्याकडे वळून, “आणि तू? तुला एवढं शिकवलंय त्या दुकानात, ते घरात सांगायला काय झालं?”

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पण आत गेली नाही.

मग मी सांगत बसले. वरची कातडी महिन्याभरात बदलते, तरी गोंदण का राहतं? कारण शाई त्याच्या खालच्या थरात जाते. तिथे शरीराच्या राखणदार पेशी तिला परकी समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. ती पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी ती उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणजे आज्जीच्या हातावरची तुळस चौऱ्याहत्तर वर्षं अशीच एकीच्या हातून दुसरीच्या हाती जात राहिली असणार. थोडी थोडी सांडत, म्हणून पसरट झाली. आज्जीला हे फार आवडलं. “म्हणजे आत कुणीतरी सांभाळतंय म्हण की,” ती म्हणाली. मशीनची गोष्टही सांगितली. एडिसननं १८७५ मध्ये कागदाच्या प्रती काढायला विजेवर चालणारं टोचणारं पेन बनवलं आणि त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं १८९१ मध्ये गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं. सीलबंद सुईचं एक पाकीट माझ्या पिशवीत होतं, तेही दाखवलं. मी चार वर्षं हे काम करते आहे, पण मामाच्या घरात त्याविषयी बोलले ती त्या दिवशी पहिल्यांदा.

आता दुकानात अठराखालचं कुणी आलं तर ‘नाही’ अजूनही नाहीच. पण त्यानंतर मी पाच मिनिटं काढते. गर्दी असली तर संध्याकाळी सातला ये म्हणते. बसवते, हवं ते चित्र कागदावर काढून देते, सुईचं पाकीट हातात देते आणि मेळ्यातल्या बाटलीची गोष्ट सांगते. हवं असेल तर नुसता स्टेन्सिलचा जांभळा ठसा हातावर लावून देते. दोन-चार दिवसांत तो धुऊन जातो. तेवढे दिवस घरात फिरून दाखव, मग बघ आई काय म्हणते. शेवटी अठरावा वाढदिवस कधी ते विचारून माझ्या वहीत तारीख लिहिते. वहीत तारीख लिहिली की पोरांचा चेहरा बदलतो. ‘पळ’ आणि ‘त्या तारखेला ये’ यांत फार फरक आहे. नोव्हेंबरपासून असे सात जण आले. तिघं नंतर आयांना घेऊन आले. त्यातल्या एका आईनं स्वतःच्याच मनगटावर मोगरा काढून घेतला, ते वेगळं.

आयांनो, म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: नाही म्हणा, जरूर म्हणा, पण तिथे थांबू नका. मुलाला घेऊन एखाद्या चांगल्या दुकानात या, सुई समोर फोडतात का ते बघा, प्रश्न विचारा. जो दुकानदार प्रश्नांना वैतागतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. लसीचं कार्ड आजच काढून बघा, तिसरा रकाना भरलेला आहे का ते. आणि मुलांनो, मंडळाच्या रक्तदान शिबिरात नाव देणार असाल तर लक्षात ठेवा, टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही. फॉर्मवर विचारतात तेव्हा लपवू नका. ते रक्त कुणाला तरी चढणार असतं. २०२८ चा सिंहस्थ येतो आहे. घाटावर, रस्त्याच्या कडेला बॅटरीवाले किती बसतील याची मी कल्पना करू शकते.

परवा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला. काही नाही, सगळं ठीक. शेवटचा मेमध्ये आहे, बारावीच्या निकालाच्या आसपास. तोवर मामी सोमवार करते आहे. मामीनं मला रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, “रविवारी जेवायला ये. आणि येताना ते सुयांचं पाकीट आण. माझ्या भिशीतल्या बायकांना दाखवायचंय.”

मी दोन नेणार आहे.

पुढच्या अंकासाठी एक काम देते. तुमच्या घरी आज्जी, पणजी असेल तर तिच्या हातावर काय गोंदलंय, कुणी गोंदलं, तिला विचारलं होतं का, हे तिच्यापाशी बसून विचारा आणि संपादकांकडे लिहून पाठवा. फोटो नसला तरी चालेल, मी ऐकून चित्र काढीन.

भेटूया. हर हर महादेव!